दीड कुकर खोल

दुकानातून, भर दुपारी
(गिऱ्हाईक नसताना)

चिरंजीव जावईबापू यांस सासऱ्याचे भरघोस आशीर्वाद. हात तेलकट असल्यामुळे ते दुरूनच घ्यावेत.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. माझा गुडघा जिना चढताना बोलतो आणि उतरताना गप्प असतो, त्यामुळे निम्मा दिवस बरा जातो. तुमच्या सासूबाईंचा रक्तदाब डॉक्टरांच्या मते मिठामुळे वाढतो आणि त्यांच्या स्वतःच्या मते माझ्यामुळे. घरात मीठ कमी केलं आहे, मला मात्र अजून तसंच ठेवलंय. तुमची तब्येत उत्तम असणारच. (रोज समुद्रात डुंबणाऱ्या माणसाला सर्दी झाल्याचं मी ऐकलेलं नाही. झाली तरी ती खाली कळणार कशी, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडला आहे, पण तो पुढे कधीतरी.)

फोन असताना सासऱ्याचं पत्र आलं म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं तुम्हाला वाटलं असेल. तसं काही नाही. फोनवर मला बोलता येत नाही, एवढंच. फोन तुमच्या सासूबाईंच्या हातात असतो. त्या हवापाणी, जेवणखाण, शेजारपाजार असं सगळं उरकतात आणि शेवटचं अर्धं मिनिट माझ्या पदरात टाकतात. त्या अर्ध्या मिनिटात मी विचारतो, "बरं आहे ना गं?" आणि आमची शिट्टी म्हणते, "मजेत, बाबा." मग फोन बंद. (शिट्टी हे तिचं घरातलं नाव लग्नाआधी तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. कुकर दुरुस्त करणाऱ्याच्या घरात जन्मलेली पोर, आणि पहिल्या दिवसापासून आवाज असा की दवाखान्यातल्या बाई दार लावून घ्यायच्या. दुसरं नाव तिला शोभलंच नसतं.) तर हा जो 'मजेत' शब्द आहे, तो मला पुरत नाही. शेजारचा चष्मेवालाही विचारलं की मजेत म्हणतो, आणि त्याच्या दुकानावर 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी लागली आहे.

मागे एकदा फोन चुकून तुमच्या हातात आला होता, आठवतंय का? शिट्टी दारात कुणाशी तरी बोलत होती. काय बोलावं हे न सुचल्यामुळे मी विचारलं की खाली पाण्यात दिसतं तरी काय. तुम्हीही, बहुधा न सुचल्यामुळेच, म्हणालात की ते सांगून कळायचं नाही, जवळ कॅमेरा असता तर दाखवलं असतं. तुम्ही सहज बोलून गेलात. मी ते धरून बसलो. कारण कॅमेरा आहे. तिचा तो खिशात मावणारा छोटा कॅमेरा जाताना ती कपाटात ठेवून गेली, "फोनवर निघतात आता फोटो" असं म्हणून. नुकताच तो मी काढला, पुसला, चार्ज केला आणि आतले फोटो बघत बसलो. दुकान आहे, मी पाठमोरा आहे, सासूबाई काहीतरी बोलताना तोंड उघडं ठेवून आहेत, पुन्हा मी पाठमोरा. शिट्टी एकाही फोटोत नाही. असणार कशी, काढणारी तीच. हे लक्षात यायला मला सगळे फोटो दोनदा बघावे लागले.

तर तुम्हाला हा कॅमेरा पाठवायचा, आणि तो पाण्याखाली जावा म्हणून त्याला एक डबी घ्यायची, असं मी ठरवलं. डबीला दुकानदार 'हाउसिंग' म्हणतात, पण आपण डबीच म्हणू. घरात आणि गल्लीत मी असं जाहीर केलं की मला माशांची हौस आहे. (सासूबाईंनी एवढंच विचारलं की कधीपासून.)

इथे थोडं विषयांतर करतो. गल्लीत तुमच्या दोघांच्या नोकरीबद्दल मला नीट सांगता येत नाही. मुलगी काय करते, असं विचारलं की मी सांगतो, समुद्राच्या तळाशी प्रवाळाची रोपं लावते. यावर लोक मान हलवतात आणि विषय बदलतात. आणि जावई? मी सुरुवात करतो की पाणबुड्यांच्या पाठीवरच्या टाक्या असतात ना, त्यांत ते हवा भरतात. पण एवढं शेवटपर्यंत ऐकायला कुणाला सवड आहे? 'हवा भरतात' तेवढं उचलून ते घरी जातात. न्हावी तर परवा दाढी करता करता म्हणाला की तुमच्या जावयाचं पंक्चरचं दुकान चांगलं चालत असेल ना, हल्ली सायकली वाढल्यात. वस्तरा गळ्याशी होता म्हणून मी हो म्हणालो. तेव्हा तुम्ही इथे आलात आणि कुणी सायकल घेऊन समोर उभं राहिलं, तर कृपा करून माझी लाज राखा.

कॅमेऱ्यांचं दुकान बस थांब्यामागच्या गल्लीत आहे. मालक अतिशय सज्जन. फक्त प्रत्येक वाक्य 'म्हणजे'ने सुरू करतात, त्यामुळे त्यांचं आधीच कुणाशी तरी बोलणं चाललं होतं आणि आपण मध्येच येऊन टपकलो, असं वाटत राहतं. मी मनात त्यांचं नाव म्हणजेसाहेब ठेवलंय. त्यांनी माझ्यापुढे दोन प्रकार मांडले आणि तिसरा तोंडी सांगितला. पहिला प्रकार म्हणजे जाड प्लास्टिकची मऊ पिशवी, वरून दाबून बंद करायची. प्रवासात आपण दात घासायचा ब्रश ज्या पिशवीत ठेवतो, तिचीच थोरली बहीण. किनाऱ्यावर पाणी उडालं तर ठीक, पण खोल नेली तर पिशवी कॅमेऱ्याला चिकटून बसते आणि एकही बटण दाबता येत नाही. ती मी बाजूला सारली. दुसरा प्रकार, कडक पारदर्शक डबी, आत स्पंजाचे तुकडे. कुठल्याही छोट्या कॅमेऱ्याला बसेल अशी. आता जावईबापू, आमच्या धंद्यातही कुठल्याही झाकणाला बसणारी रिंग मिळते. ती कुठल्याच झाकणाला बसत नाही. तिसरा प्रकार म्हणजे कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीनेच नेमक्या त्याच मॉडेलसाठी काढलेली डबी. तिच्या प्रत्येक बटणाखाली एक बारीक दांडी असते आणि ती कॅमेऱ्याच्या त्या त्या बटणावर अचूक टेकते. घ्यावी तर हीच, पण कॅमेरा जुना, डबी बनायची बंद झालेली. म्हणजेसाहेब म्हणाले, म्हणजे शोधावी लागेल.

सगळा प्रश्न अर्थातच रिंगचा होता. डबी कितीही भारी असो, दोन भागांच्या मध्ये रबराची एक रिंग असते आणि सगळा संसार तिच्यावर. हे कळल्यावर माझी छाती दोन इंच फुगली, कारण रबराच्या रिंगमध्ये माझं उभं आयुष्य गेलंय. मी समोरच्या कडक डबीची रिंग काढली, ताणली, हुंगली आणि दाताखाली धरून पाहिली. (रबर किती मुरलंय, हे दातालाच कळतं. माझ्या वडिलांनी मला असंच शिकवलं आणि मी शिट्टीला. तिला विचारा, ती नुसत्या चावण्यावरून रिंग कोणत्या कारखान्याची आहे ते सांगायची.) म्हणजेसाहेबांनी ती माझ्या तोंडातून अक्षरशः ओढून घेतली. मग खोलीचा विषय निघाला. त्यांनी सांगितलं की दर दहा मीटरला पाण्याचा दाब अमुक इतका वाढतो. मी कागदावर मांडून बघितलं आणि गंमत अशी की दहा मीटरचा दाब आणि कुकरची शिट्टी उडण्याच्या वेळचा दाब जवळपास एकच. म्हणजे दहा मीटर म्हणजे एक कुकर. हे माप मला फार सोयीचं वाटलं. डबीवर चाळीस मीटर लिहिलं होतं, म्हणजे चार कुकर. शिट्टी पंधरापर्यंत जाते असं तुम्हीच सांगितलं होतं. दीड कुकर.

हिशेब झाला आणि मग मला त्याचा अर्थ कळला. माझी पोर रोज कामावर जाते ती दीड कुकरखाली. दिवसभर दुकानात माझं लक्ष लागलं नाही. समोर कुकरची शिट्टी वाजली की मला वाटायचं, ही दहा मीटरवर पोचली, अजून हिच्या खाली पाच मीटर आहे.

म्हणजेसाहेब तिसऱ्या डबीच्या शोधात असताना मला दम निघाला नाही आणि मी दुसरी, ती स्पंजवाली, घेऊन आलो. (उतावळेपणा. सासूबाई याला वेगळा शब्द वापरतात.) आता आमच्या दुकानाचा रिवाज तुम्हाला माहीत नसेल. इथून कुठलीही वस्तू चालवून बघितल्याशिवाय बाहेर जात नाही. गिऱ्हाईकासमोर शेगडीवर ठेवायची, शिट्टी येऊ द्यायची, मगच हातात द्यायची. डबीलाही हा नियम लागू होताच. बादलीत बुडवून काय कळणार, बादलीत दाब कुठे असतो? दाब असतो कुकरमध्ये. म्हणून मी डबीत पातळ कागदाची घडी ठेवली (ओल लागली तर कागद सांगतो), डबी बंद केली, सगळ्यात मोठ्या कुकरमध्ये पाणी भरून तिच्यावर वजनाला एक झाकण ठेवून ती बुडवली आणि कुकर शेगडीवर चढवला. तर्कात एक दमडीची चूक नव्हती. बाहेरून दाब, आत कॅमेऱ्याची जागा, अगदी समुद्रासारखं. सासूबाई आतून आल्या आणि त्यांनी विचारलं की किती शिट्ट्या. मी अभिमानाने सांगितलं, एक. ती कामाला जाते त्याच्या दोन तृतीयांश.

समुद्र गार असतो, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. तुम्ही हसा, मी रागवणार नाही. कुकर उघडला तेव्हा डबी होती, पण ती आता कॅमेऱ्याच्या आकाराची राहिली नव्हती. उकडून जास्त झालेल्या बटाट्यासारखी एका बाजूला बसली होती. दोन भाग एकमेकांना असे चिकटले की पान्यानेही सुटले नाहीत. मात्र बाहेरून आतला कागद दिसत होता आणि तो कोरडा ठणठणीत होता. म्हणजे पाणी आत गेलं नाही, हे तुम्ही मान्य कराल. मी ही गोष्ट म्हणजेसाहेबांना सांगितली तेव्हा ते पहिल्यांदाच 'म्हणजे' न म्हणता थेट म्हणाले, "काका, तुम्ही ती शिजवलीत?"

त्यानंतर त्यांना माझी दया आली असावी, कारण कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावरून त्यांनी ती तिसरी डबी, नेमक्या त्याच कॅमेऱ्याची, आणून दिली. उन्हाने थोडी पिवळी पडली आहे, पण अंगाने धडधाकट आहे. सोबत एक जादा रिंग, बोटभर मलमाची नळी आणि एक पुस्तिका. पुस्तिका मी वाचली नाही. रिंग कशी लावायची हे मला पुस्तिका सांगणार? मी रिंगला खायचं तेल चोळलं, जसं कुकरच्या रिंगला चोळतो. दोन दिवसांनी ती फुगली आणि खाचेत बसेना. सासूबाईंनी ती फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली, कारण सैल झालेली कुकरची रिंग आम्ही तशीच आवळतो. ती आवळली नाही, नुसती रुसल्यासारखी कडक झाली. मग मी चष्मा लावून पुस्तिका उघडली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की सोबत दिलेल्या मलमाशिवाय दुसरं काहीही लावू नये. जादा रिंग कंपनीने माझ्यासारख्यांसाठीच दिली असणार.

दुसऱ्या रिंगच्या वेळी मी शाळेतल्या पोरासारखा वागलो. हात धुतले, मलम नखभर घेतलं, रिंग खाचेत बसवली, आत कागद ठेवला आणि डबी बादलीत बुडवली. थोड्या वेळाने काढून बघतो तर कागदाचा एक कोपरा ओला. रिंग चांगली, खाच स्वच्छ, मग पाणी आलं कुठून? भिंग आणून बघितलं. रिंगवर आडवा एक केस चिकटला होता. पुस्तिकेत हेही लिहिलेलं आहे की एका केसावरूनसुद्धा पाणी आत वाट काढतं. आता आमच्या घरात माझ्या डोक्यावर केस नाहीत आणि तुमच्या सासूबाईंचे पांढरे आहेत. हा काळा होता, हातभर लांब. कॅमेऱ्याच्या कापडी पाकिटात अडकून राहिला असणार. एवढे दिवस तो कपाटात होता आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

पुस्तिकेप्रमाणे असा केस चिमट्याने काढून टाकून द्यावा. मी चिमट्याने काढला. पुढचं पुस्तिकेप्रमाणे केलं नाही. कुठे ठेवला ते तुम्हाला सांगत नाही, सासूबाईंनाही सांगितलेलं नाही. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं आणि कारण म्हणून गुडघा सांगितला.

मग राहिली खरी परीक्षा, कॅमेरा आत ठेवून. त्यासाठी मी पोहण्याच्या तलावावर गेलो. तिथे पोहायला शिकवणाऱ्या बाई आहेत; त्यांच्या कुकरचा दांडा मी बसवून दिला होता, त्या ओळखीवर. पण तलावाचे नियम असे की काठावरसुद्धा पोहण्याचे कपडे घातल्याशिवाय उभं राहता येत नाही, आणि डोक्यावर रबरी टोपी सक्तीची. मी बाईंना टोपी काढून... म्हणजे टोपी नसताना डोकं दाखवलं आणि म्हटलं, टोपी कशासाठी? त्या म्हणाल्या, केस पाण्यात पडू नयेत म्हणून. मी म्हटलं, कोणते? त्या म्हणाल्या, नियम आहे. तेव्हा तुमचा सासरा निळी टोपी आणि भाड्याची चड्डी घालून, हातात पिवळी डबी धरून काठावर उभा राहिला. ओळखीचे तिघे भेटले. तिघांनाही मी माशांची हौस आहे असं सांगितलं आणि तिघांनीही पाण्यात डोकावून बघितलं.

बाई डबी घेऊन खोल बाजूला तळापर्यंत जाऊन आल्या. (तळ चार मीटरवर, अर्धा कुकरही नाही.) आत थेंब नाही. सगळी बटणं चालली, फोटो स्वच्छ आले. काम संपलं होतं, मी घरी यायला हरकत नव्हती. पण बाई म्हणाल्या की एवढं सगळं केलंत तर एकदा डोकं पाण्याखाली घालून बघा तरी, शिडी सोडू नका, मी शेजारी आहे. मला पोहता येत नाही हे शिट्टीने तुम्हाला सांगितलंच असेल. मी हसून म्हटलं की भीती वगैरे काही नाही, गुडघ्यामुळे टाळतो. आणि हे म्हणता म्हणता, कसा कोण जाणे, मी शिडीच्या खालच्या पायरीवर होतो, नाक चिमटीत धरलेलं होतं, आणि खाली गेलो.

जावईबापू, खाली काहीच आवाज नव्हता. माझ्या कानांना ही सवयच नाही. जन्म गेला शिट्ट्या, ठोकाठोकी आणि गिऱ्हाइकांची तक्रार ऐकण्यात. तिथे नुसती निळी फरशी, तिच्यावर हलणारा उजेड आणि शांतता. मला वाटलं, ही रोज इथे येते. एवढ्या शांत जागी माझी शिट्टी. तिथे ती कुणाशी बोलत असेल? वर आल्यावर तरी बोलते का? तिला हाक मारावी असं मला इतकं वाटलं की मी तोंड उघडलं, आणि मग काय झालं असेल ते तुमच्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. बाईंनी दंडाला धरून वर काढलं. पण त्याआधी त्यांनी बटण दाबलं होतं.

तो फोटो मी दुकानात आणून सासूबाईंना दाखवला, हसतील म्हणून. निळी टोपी, फुगलेले गाल, चिमटीतलं नाक. त्या हसल्या नाहीत. चष्मा लावून त्यांनी तो छोटा पडदा डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढी आठवण येते तिची?" मी म्हटलं, पाण्यात औषध टाकतात, त्याने डोळे तसे दिसतात. त्या शेगडीकडे गेल्या आणि एकदा शिट्टी देऊन तयार झालेला गिऱ्हाइकाचा कुकर त्यांनी पुन्हा शिट्टीसाठी चढवला.

असो. डबी, कॅमेरा, मलमाची नळी आणि हवेतली ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या (नव्या बुटांच्या खोक्यात मिळतात त्या, त्यासाठी चपलांच्या दुकानदाराशी माझे संबंध सुधारले आहेत) असं सगळं पार्सल करून जहाजावरच्या फिटरसाहेबांच्या हाती देत आहे. ते आमचं जुनं गिऱ्हाईक आहेत आणि त्यांचं जहाज तुमच्या बेटावर थांबतं. रिंगला तेल लावू नका, केस बघा, पहिल्यांदा डबी रिकामी खाली न्या. हे मी अनुभवाने सांगतो आहे. आणि उकळत्या पाण्यापासून जपा, अर्थात तुमच्याकडे ती वेळ यायची नाही. चांगले रंगीत मासे दिसले की फोटो काढून पाठवावेत.

शिट्टीला आशीर्वाद. तिला म्हणावं, दुकान ठीक चाललंय.

तुमचा,
सासरा

ता. क. — मासे नकोत. वरचं वाचून तुम्ही खरोखर माशांच्या मागे लागाल, म्हणून घाईने लिहितो. मला माशांचं काही एक कौतुक नाही. शिट्टी खाली काम करत असेल तेव्हा तिचा एक फोटो काढा, तिला आधी न सांगता. ती फोनवरून पाठवते त्या सगळ्या फोटोंत ती हसते आहे. ते हसू मी ओळखतो. तोच कुकर घेऊन गिऱ्हाईक पुन्हा तक्रार करायला आलं की काउंटरमागून जे हसायचं असतं, ते. मीच शिकवलंय तिला, लहान होती तेव्हा. चांगलं जमलंय. पण पाण्याखाली तोंडात नळी असते, तिथे ते हसू करता येत नाही. काचेतून दिसतात ते फक्त डोळे, आणि तिचे डोळे मला ती बोलायला लागायच्या आधीपासून वाचता येतात. पाण्याबाहेर काढायचा असता तर कॅमेरा तसाच पाठवला असता. डबीचा एवढा खटाटोप केला तो एवढ्यासाठी.

ता. क. दुसरं — फोटोत ती खरंच मजेत दिसली तर सोबत काही लिहू नका. मला दिसेल, आणि मग मी पुन्हा कधी विचारणार नाही. माझ्या अर्ध्या मिनिटात दुसरं काहीतरी बोलेन, पाऊसपाणी वगैरे. आणि तशी नसली, तर फोटो मला नाही पाठवला तरी चालेल. तुम्ही तो बघितलेला असेल, तेवढं पुरे.

(हे खालचं अक्षर माझं, सासूबाईंचं. हे चपलांच्या दुकानात आणखी पुड्या आणायला गेलेत, पत्र काउंटरवर उघडं टाकून. यांना वाटतं मी वाचत नाही. माशांवर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. तर जावईबापू, तुम्ही तिचा फोटो काढलात की डबी तिच्या हातात द्या आणि तुमचाही एक काढायला सांगा, तिथेच खाली. घरापासून लांब तुम्हीही आहात. कुणाच्या तरी फोनवर तुम्हीही मजेत म्हणत असालच. तिचे डोळे आम्हाला येतात, तुमचे अजून येत नाहीत. मला ते शिकायचे आहेत.)